नख्या

विम्याच्या अर्जात एक रकाना असतो : वापर कशासाठी.
फिर्मां वातले त्यावर बोट ठेवून म्हणाले,
"लिहा, बघण्यासाठी."
रकाना अरुंद होता. मी 'संग्रह' लिहिलं.

लिएजमधलं तिसऱ्या मजल्यावरचं घर.
खालून म्यूज नदीतली वाळूची नाव
भोंगा न वाजवता गेली.
बावीस बंदुका हिरव्या बनातीवर आडव्या,
जेवणं आटोपून वामकुक्षीला कलंडल्यासारख्या.

त्यांनी सुती हातमोजे दिले, मला बोटभर मोठे.
"आधी उचला. बंदूक आधी हाताला कळते, मग डोळ्यांना."
खरंच कळली.
अक्रोडाचा दस्ता गालाशी आला
आणि लाकडातला काळसर भोवरा
नेमका माझ्या जबड्याखाली थांबला.
नळीवर लोखंड-पोलादाचे पिळलेले पदर,
निवलेल्या दुधावरची साय
कुणी बोटानं जराशी ढकलावी, तसे.
चाप ओढायचा मोह झाला.
हे इथंच लिहिते,
अर्जात त्याला जागा नाही.

मग त्यांनी भिंग दिलं.
बाजूच्या पट्टीवर, आगपेटीएवढ्या जागेत
ओकची डहाळी, तिच्याखाली दबा धरलेला तितर,
पिसापिसाला वेगळी रेघ.
"ही माझी आई," म्हणाले.
मला वाटलं, मीच चुकीचं ऐकलं.

आई, ओदिल. कारखान्यात बत्तीस वर्षं खिडकीशी,
हातात कोरणी, जिभेखाली बडीशेपेची गोळी.
बंदुकीवर नाव मालकाचं.
म्हणून ती प्रत्येक तितराच्या मागच्या पायाला
एक नखी कमी कोरायची.

आणि हा माणूस चाळीस वर्षं
लिलावांत, रविवारच्या जुन्या बाजारांत,
नामूरच्या एका मयत नोटरीच्या माळ्यावर
पक्ष्यांच्या नख्या मोजत हिंडला.
गोळी एकही झाडली नाही.
दाढी करताना कापलं तरी यांना घेरी येते.

एकवीस तितर आत्ता येऊन बसल्यासारखे.
बाविसावा जवळजवळ नाहीच.
हंगामामागून हंगाम
बंदूक मोडताना, भरताना
कुणा शिकाऱ्याच्या अंगठ्यानं तो पुसत नेला.
चोच गेली, डोळा गेला,
छाती जुन्या नाण्यासारखी गुळगुळीत.
एक पक्षी झिजेपर्यंत खरे किती पडले असतील,
हा हिशोब मी मनात सुरू केला आणि सोडून दिला.

"इथं नख्या दिसत नाहीत. मग ही त्यांचीच कशावरून?"
वातलेंनी हातमोजा काढला.
उघडा अंगठा त्या खळगीत ठेवला
आणि बराच वेळ काढलाच नाही.
मग म्हणाले, "हिची किंमत सगळ्यांत जास्त लावा."

आमच्या नियमात झीज म्हणजे घट.
मी नियमानं आकडा टाकला.
त्यांनी न वाचता सही केली,
स्वतःच्या पूर्ण नावाची, लांबलचक, ठसठशीत.

डाव्या हातातला मोजा माझ्याबरोबरच आला.
टपालानं पाठवायचाय. अजून पाठवला नाही.
त्याला जवसाच्या तेलाचा वास आहे.