नळाच्या रात्रीची बिस्किटं

परभणीत लोणी दुपारी टिकत नाही.
तूप व्हायची घाई सुटते त्याला,
पिठाला धरून राहत नाही.
म्हणून मी रात्री दोनला उठते,
तेही रोज नाही,
ज्या रात्री नळ येणार असतो त्याच रात्री.
गल्ली तशीही जागीच असते.

लोहगावकर मॅडम बदली होऊन गेल्या
तेव्हा क्वार्टरमधला ओव्हन मला देऊन गेल्या.
उचलायला दोघं लागले.
रिक्षावाल्यानं विचारलं, टीव्ही हाय का?
डावीकडून जरा जास्त तापतो.
सोबत एक कागद, त्यावर तीनच शब्द:
मैदा, लोणी, साय.
पाणी नाही. पिठात साखरसुद्धा नाही.
मग गोड कुठून, मी विचारलं.
बाहेरून, म्हणाल्या,
आणि पुस्तकांचे खोके मोजायला लागल्या.

सहा दिवसांची साय जमवते.
म्हशीची, जाड, बोट सोडत नाही.
गार लोणी सुरीनं चिरते, चिरत जाते
ज्वारीच्या दाण्याएवढं होईस्तोवर.
माझे हात भाकरीचे.
थापायचं, दाबायचं, एवढंच त्यांना ठाऊक.
त्यांना दर वेळी सांगावं लागतं,
हे मळायचं नाही रे,
ह्याला फक्त एकत्र बसायला लावायचं.

लहानपणी घरचा रवा, तूप, साखर घेऊन
आम्ही रहेमतभाईंच्या भट्टीवर जायचो,
पत्र्याच्या डब्यावर खडूनं नाव लिहून.
ती बिस्किटं महिनाभर पुरायची,
चहात बुडवली तरी ताठ.
ही तशी नाहीत.
मागं पोराला पुण्याला एसटीनं डबा पाठवला.
फोन आला: आई, चमच्यानं खाल्लं.
भारी होतं.
पण होतं काय?

लाटते. सिरपच्या टोपणानं गोल कापते.
दोन्ही अंगांनी साखरेत निजवते.
काट्यानं चार वेळा टोचते,
नाहीतर पोट फुगवून बसतात.
नऊ मिनिटं.
सोनेरी झाली म्हणजे चुकलं.
पांढऱ्यातच शिजली पाहिजेत,
आणि शिजली की नाही हे वासावरूनच कळतं.

शेवटचा ट्रे नळाच्या आधी निघायला हवा.
नळ आला की सगळ्या मोटारी एकदम लागतात
आणि ओव्हनची लाल कांडी
मान टाकते.

गार होईपर्यंत लोणी, पिठीसाखर, चमचाभर साय
घोटत बसते. थेंबभर गुलाबी रंग,
तो माझा हट्ट, कागदावर नाही.
एकावर लावते, दुसरं वर ठेवते,
दाबत नाही.
दाबलेलं लगेच कळतं.

आलं! आलं गं पाणी!

पाइप, हंडे, ड्रम, शिव्या,
कुणाची तरी चप्पल वाहून चाललेली.
मी ताट घेऊन उंबऱ्यात.
काय भाजायलीस गं एवढ्या रातीचं,
कुशावर्ताबाई म्हणतात,
वास तर न्हाल्या लेकराच्या डोक्यावानी येयलाय.
तहसीनचे दोन्ही हात पाइपाला,
ती नुसतंच तोंड उघडते.
मी ठेवते.
एवढासाही आवाज नाही.
ओठावर गुलाबी रेघ, ती जिभेनं टिपते,
पाइप सुटतो, माझा परकर भिजतो,
कुणी रागवत नाही.

कुशावर्ताबाईंनी एक घेतलं,
थोडा वेळ तशाच उभ्या.
मग माझ्याकडं बघून, खरंच विचारल्यासारखं:
गेलं कुठं गं?

मोडकी होती ती बारक्या पोरांनी नेली.
शेजारच्या दोघी पाइपावरून भांडल्या,
तोंडात बिस्किट असल्यानं
भांडणाला धार येईना.

सव्वापाचला नळ गेला.
हंडे झाकले, ओव्हनचं बटण बंद केलं,
डावीकडची दोन करपली होती ती मी खाल्ली.
तहसीनच्या हंड्याच्या काठाला
कुणाच्या तरी बोटांची साखर लागलेली.
मुंग्या यायला अजून वेळ होता.