खाल्ल्या मिठाला

पहाटे साडेपाचला मी रेवणच्या पाठीवर थापते,
हाताची पोकळ वाटी करून,
आधी डाव्या बरगड्यांवर, मग उजव्या.
शेजारच्या भागीरथीबाई एकदा भिंतीपलीकडून म्हणाल्या,
"एवढ्या भाकरी कुणाच्या गं, रोज?"

तान्हा होता तेव्हा पापा घेतला की
ओठ खारट व्हायचे, आई सांगते.
मग मीठ-मिरच्या उतरवून चुलीत टाकायची.
ठसका लागला नाही तर नजर, असा हिशोब.
ह्याला ठसका लागायचाच.
नजर नाही, इतकंच कळलं.

उदगीरला टीबीच्या गोळ्या झाल्या, दोनदा.
लघवी लाल झाली, खोकला तसाच.
शेवटी हैदराबादला घाम तपासला.
बापू हसले त्या कागदाला:
इतकी वर्षं आडतीत पोती उचलली,
आपला घाम कुणी मोजला नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागे
पेननं एक उलटं झाड काढलं.
म्हणाल्या, जंतू आहेतच,
हिरवट, चिकट, घर करून बसलेले.
पण झाड पोखरतात ते एकटेच नाहीत.
ह्याच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी
धावून येतात, येतच राहतात,
तिथंच फुटतात.
पोटातलं तिखट पाणी भिंतींवर सांडतं,
आणि मेल्यावर त्यांचेच धागे
कफाला आणखी घट्ट करतात.

खाल्ल्या मिठाला जागणं
इतकं वाईट असू शकतं,
मला माहीत नव्हतं.

परतताना भालकीच्या पुढं गाडी रखडली.
खिडकीबाहेर ज्वारी हुरड्यावर आलेली,
माळ्यावर एक पोरगा गोफण फिरवत होता.
दगड सुटला. पाखरं उठली,
एक गिरकी घेऊन पुन्हा तिथंच बसली.
चार कणसं मात्र मान टाकून लोंबू लागली.
रेवण बघत राहिला.
"पाखरं काय जात न्हाईत, ताई.
ह्याचा हात बी थांबत न्हाई.
रान मातुर..."
पुढचं खोकल्यात गेलं.
समोरच्या बाईनं पदर नाकाला लावला
आणि लेकराला जवळ ओढलं.

आता आठवड्यातून तीनदा एक गोळी असते.
ती मुख्यतः जंतूंसाठी नाही म्हणे.
राखणदारांना, बाबांनो, जरा बसा, म्हणायला.
आणि मशीनमधून मिठाच्या पाण्याची वाफ,
लाईट असली तर.
मीठच घालायचं, मीठच गाळायचं,
आणि मध्ये हे चौदा वर्षांचं पोर
दहावीत कोणता विषय सोपा जाईल, ते विचारणारं.

थापून झालं की तो स्टीलच्या वाटीत थुंकतो.
मी वाटी दाराच्या उजेडात नेते.
"हिरवं कमी हाय का?"
भागीरथीबाईंकडं खरंच भाकरी सुरू झालेली असते.
मी वाटी तिरकी करून बघते,
अजून जरा बघते.