टंच

विट्यात, स्टँडच्या मागं, अत्तारांच्या सोहेलच्या कॉम्प्युटरवर
माझ्या नावापुढं आकडा आला
एक्क्याण्णव पूर्णांक सहा.
पप्पांना फोन लावला इरोडला.
मागं ब्लोअरची घरघर, कुणीतरी तमिळमध्ये भाव करतंय.
"नऊशे सोळा!" पप्पा हसले,
"बावीस कॅरेट आलीस की गं.
चोवीसचा काय दागिना होतोय?"

मी सांगितलं नाही, पप्पा,
बावीस कॅरेटच्या पुढं
लाखभर पोरं उभी आहेत.

मग यादी. देशभरातली कॉलेजं,
हव्या त्या क्रमानं, हवी तेवढी.
भर सगळी, सोहेल म्हणाला, भरायला पैसे पडत नाहीत,
न भरलेल्याचा पश्चात्ताप पडतो.
मी नावं वाचत गेले
आणि पप्पा फोनवरून
प्रत्येक गावात एक माणूस ठेवत गेले.
रायपूर? पार्‍याचा शिवदास हाय, सराफकट्ट्यात.
राउरकेला, तितं दिनूतात्या, जिना चढून वर,
धाप लागती आता त्याला, तेजाबाची.
जालंधरला थंडीत मूस तडकती.
श्रीनगरला हुता एक भाळवणीचा. आला परत.
आगरताळ्यात तुझ्या मावशीचा दीर,
जा, पर त्याच्याकडं पैसं ठिवू नगं.

भूगोलाच्या वहीत मी रंगवलेला भारत
इतका ओळखीचा कधीच नव्हता.
सातवी नापास माणूस
सहा राज्यांची भाषा बोलतो,
आणि एकाही राज्यात त्याचं
रेशन कार्ड नाही.

त्यांचं अलॉटमेंट एका दुपारी झालं.
चौदा वर्षांचे होते. मामा आला, म्हणाला,
झाडलोटीला पोरगं पाहिजे.
एकच पर्याय, एकच राउंड.
सोनाराच्या दुकानातली धूळ झाडायची,
जाळायची, गाळायची, आटवायची,
आणि मुशीच्या तळाशी मुगाएवढा
पिवळा थेंब उरला तर तो दिवस चांगला.
रँक कुणी विचारली नाही.
बोटं पिवळी पडली ती पडलीच.

फॉर्ममध्ये रकाना होता, कायमचा पत्ता.
मी लेंगरे लिहिलं.
दोन मजले, ग्रॅनाइटचा ओटा,
आणि त्यात कायम
आई.

तिसऱ्या राउंडला जागा आली.
इन्स्ट्रुमेंटेशन. कोक्राझार.
सोहेलनं खुर्ची सरकवली. आता तीन बटणं बघ.
फ्रीझ म्हणजे झालं, इथंच.
स्लाइड म्हणजे कॉलेज तेच, शाखा दुसरी मिळाली तर.
फ्लोट म्हणजे ही जागा सोडायची नाही,
पण अजून चांगलं कुठंतरी मिळंल
म्हणून वाट बघत राहायची.

आई मागच्या स्टुलावर बसली होती,
मांडीवर दाखल्यांची पिशवी, सकाळपासून गप्प.
"एकोणीस वर्सं तेच करतोय आमी," ती म्हणाली,
"त्याला नाव बी हाय व्हय?"

सोहेल स्क्रीनकडं बघत राहिला.
सर्व्हर अडकला होता, गोल चाक फिरत होतं.

फोनवर पप्पांनी दोनदा विचारलं,
"कुटं म्हणलीस?"
आसाम, पप्पा. अगदी वर.
ब्लोअर बंद झाला.
बंद झाल्यावर कळलं, तो किती मोठा होता.
"तितं आपलं कोण न्हाई."
मी काही बोलले नाही.
"पाणी कसं हाय तितलं?"
मला माहीत नव्हतं.

मी फ्रीझ दाबलं.
पावती यायला वेळ लागला, प्रिंटरमध्ये कागद अडकला,
सोहेलनं तो ओढून काढला, एक कोपरा फाटला.
फोन कानाशी तसाच होता, पप्पा ठेवायचं विसरलेले.
गिऱ्हाइकाला की शेजारच्या पोराला, कुणाला कोण जाणे,
ते सांगत होते,
अडखळत, एकेक अक्षर कसोटीवर घासून बघावं तसं,
"कोक... रा... झार.
तितं आमची पोरगी असती."