मायग्रेशन सर्टिफिकेट

खिडकी क्रमांक चार, कलिना.
जेवणाच्या सुट्टीला सात मिनिटं असताना
जाळीखालून फाईल सरकते :
गुलचेहरा हैदरी, वय एक्केचाळीस,
एम. ए. भाग एक, भाषाशास्त्र.

मी सवयीनं विचारतो, मायग्रेशन सर्टिफिकेट?

कशाचं, ती म्हणते,
मी आलो त्याचं, की निघालो त्याचं?
तिच्या भाषेत बाईला आणि पुरुषाला
एकच क्रियापद पुरतं, म्हणे.
मागून पोरं : आंटी, जल्दी.

नाही हो. आधीच्या विद्यापीठानं द्यायचं असतं ते,
की ही विद्यार्थिनी आम्ही सोडली,
हिच्या जाण्याला आमची हरकत नाही.

ती ते वाक्य पुटपुटत राहते,
एका भाषेत, मग दुसऱ्या,
चपला घालून बघावं तसं.

अर्जात मातृभाषेला ओळ एकच.
तिनं समासात चढून लिहिलंय :
हजारगी. दरी. पश्तो शाळेपुरती.
उर्दू, क्वेट्ट्यातल्या चार वर्षांची.
इंग्रजी. मराठी शिकते आहे.
सकाळी अंधेरीच्या हॉस्पिटलात दुभाषी,
त्यांचं पत्र जोडलंय.
परवा डॉक्टर एका म्हाताऱ्याला म्हणाले, पसरलाय.
तिनं गालिचा अंथरतानाचा शब्द दिला.
म्हातारा मान हलवून म्हणाला, बरं.

मी 'दरी'पाशी थांबतो.
आमच्याकडे दरी म्हणजे दोन डोंगरांच्या मधली जागा.
आमची होती. कोयनेचं पाणी आलं तिच्यात.

माझ्या ड्रॉवरमध्ये अजून आहे
वडिलांच्या नावचा प्रकल्पग्रस्त दाखला,
त्यावरच ही खुर्ची मिळाली मला.
गोल शिक्का, गट नंबर, एक गोठा, फणस दोन.
वडील जाईपर्यंत भांडत होते,
फणस तीन होते.
पण बुडाल्याचा कागद तरी होता आमच्याकडे.

तिच्याकडे यूएनचं कार्ड,
दोन गुणपत्रिकांचे मोबाईलवरचे फोटो,
तिसऱ्या वर्षाची पाटी कोरी.

परिपत्रक शोधायला वेळ लागला.
जावळेबाई डबा उघडून वाट बघत होत्या,
कारल्याचा वास आला.
सापडलं : हमीपत्र घेऊन तात्पुरता प्रवेश, सहा महिने.
सहा महिन्यांनी काय, ते त्यात नव्हतं.
तिनंही विचारलं नाही.

हमीपत्रात एक रकाना असतो,
कागद नसल्याचं कारण.
ती पेन उघडून उभी. मराठीत लिहू?
लिहा.
पोरं आता गप्प होती,
एकानं तर तिची पिशवी धरली.

अक्षर शिरोरेषेला टांगल्यासारखं, नवं :
निघताना कुणाला विचारलो नाही.

चूक होती. लाल पेन हाताशीच होतं.
मी शिक्का शाईवर दाबला,
कडेला, शब्दांना लागणार नाही असा मारला.
पोच घ्या, म्हटलं. आणि जपून ठेवा.

तिनं ती घडी घातलीच नाही,
दोन्ही हातांत सपाट धरून
जिन्याकडे गेली, ओली असल्यासारखी.

सुट्टी कधीच सुरू झाली होती.
पुढचा, मी म्हटलं.