एकाच राउंडअबाउटचं गाव

हेमू, तू एकतिसाव्या मजल्यावरून फोन करतोस
आणि दर वेळी तेच विचारतोस,
त्या अश्खऱ्यात आहे तरी काय?

आहे की.
राउंडअबाउट आहे, एक. मधोमध सिमेंटचा मासा,
शेपटीचा रंग उडालेला, डाव्या डोळ्यात चिमणीचं घरटं.
सिग्नल नाही. कधी लागलाच नाही.
समोरून सालेम पिकअप घेऊन आला
की दोघांनी काचा खाली करायच्या, भर रस्त्यात,
आणि त्याची आई, माझी आई, त्याचा उंट, माझा कॉम्प्रेसर
सगळ्यांची तब्येत विचारून व्हायची.
मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत नाही.
उंटाची काळजी त्यालाही असते.

पहाटे तीनला बर्फाच्या लाद्या साच्यातून सुटतात.
तो आवाज ऐकूनच अर्ध्या गावाला जाग येते,
मग बांग, मग कोयाच्या स्टोव्हची फरफर.
अरबीत 'प' नाही, म्हणून पुंडलिकचा बुंडलिक झाला,
तोही जिभेला जड गेला.
आता मी अबू थल्ज. बर्फाचा बाप.
बायकोला सांगितलं तर म्हणाली,
मग पोरी एवढ्या तापट कशा निपजल्या?

कोयाच्या उधारीच्या वहीत माझं पान आहे.
वर नाव नाही, नुसता चौकोन काढलाय,
लादीसारखा.
भर दुपारी एटीएमच्या खोलीत बकऱ्या बसतात, एसीखाली.
पैसे काढायचे तर आधी त्यांना उठवायचं.
एक काळी आहे, ती उठत नाही.
तिला ओलांडून पिन दाबायचा, ती बघत असते.

बरं, वासाचंही सांगतो. लपवत नाही.
किनाऱ्यावर तारली वाळत घालतात उंटांच्या खाण्यासाठी,
महिनाभर तो वास उशीत, दाढीत, चहात.
जूनमध्ये वारा असा सुटतो की होड्या वर ओढून ठेवतात,
आणि माझा बर्फ कोणाला नको असतो.
तेव्हा मीही वाळूवर बसून जाळी विणायला लागतो, वाकडी.
म्हातारा खमीस ती उसवतो, पुन्हा देतो,
एक शब्द बोलत नाही.

मस्कतला गेलो होतो ना मी, तुझंच ऐकून.
दीडपट पगार, अकरा दिवस.
लिफ्टमध्ये रोज तोच एक माणूस, सातवा मजला.
अकरा दिवसांत त्यानं माझ्याकडे मान वळवली नाही.
बाराव्या दिवशी सालेमचा फोन:
ये, मशीन बंद पडलंय, मासळी कुजतेय.
रात्रभर गाडी हाणत आलो.
मशीन ठणठणीत, गुणगुणतंय, लाद्या पडतायत धडाधड.
मी ओरडलो, खोटं का बोललास?
तो म्हणाला, परवा बिघडणारच आहे.
दोनदा पेट्रोल कशाला जाळतोस, राहा इथेच.

राहिलो.

गाव माझं नाही, हे मला कोणी सांगायला नको.
खिशातल्या बताक्यावर तारीख आहे,
थोरलीची दहावी मी फोनवरच पाहिली,
आणि दर दोन वर्षांनी एका शिक्क्यासाठी
हातात टोपी धरून उभा राहतो.
तरीही रात्री कारखान्याच्या गच्चीवर चढलो
की सगळं गाव एका नजरेत मावतं,
दिवे मोजता येतात,
आणि एखादा कमी भरला
तर तो कोणाच्या घरचा, तेही कळतं.
कालच कमी होता. खमीसचा.
खाली उतरून गेलो. नुसता बल्ब गेला होता.
बदलला, खजूर खाल्ले, आलो.

तुझ्याकडे किती दिवे दिसतात रे खिडकीतून?

थांब जरा. कोणीतरी हॉर्न वाजवतंय चौकात.
इथला नसणार. बाहेरगावचा कोणी, रस्ता चुकलेला.
ठेवतो मी.
त्याला सांगायला हवं,
सरळ ये, मासा लागला की वळ.