वी म्हणजे

कन्नमवार नगर, पालिकेची शाळा, रात्रीचे आठ.
बाकं चौथीच्या मुलांची, गुडघे पन्नाशीचे.
मी फळ्यावर लिहिते: स्प्लिट.
आज स्प्लिट, काल झालं तरी स्प्लिटच,
हे क्रियापद रूप बदलत नाही.
"सोपंय," घाडीगावकर म्हणतात,
"आमचा पक्षच की."
कुणी हसत नाही.

तीस वर्षं ऑफिसचा बोर्ड त्यांच्याच हातचा.
मंगळवारी अध्यक्षांचं नाव खरवडलं,
गुरुवारी नवं घातलं.
नखांत अजून पिवळा ऑइलपेंट.

वाक्य करा, मी सांगते.
ते उभे राहतात, हात मागे बांधून:
"वी वेअर वन पार्टी."
शाब्बास, म्हणेपर्यंत विचारतात,
"बाई, हे वी म्हणजे आपण की आम्ही?"

इंग्रजीत दोन्हींना एकच, मी म्हणते,
आणि माझंच मला खोटं वाटतं.

मागच्या बाकावर तांडेल.
बिल्डिंग तीच, जिना तोच, गट दुसरा;
मंगळवारपासून बोलणं बंद.
तेही मान खाली घालून
वहीत उतरवतात: वी.

घाडीगावकर बसतात. वळून बघत नाहीत.
खोडरबर तेवढं मागे सरकवतात,
कुणी मागितलेलं नसताना.

तांडेल काय खोडतात
ते मला इथून दिसत नाही.