पाचट

शाहूपुरी, चौथी गल्ली, बेअरिंगच्या दुकानावरचा मजला.
रात्रपाळीला मी, एक हीटर, आणि भिंतीवर आमचं राज्य:
सेहेचाळीस ठिपके, हिरव्या रेघा.

दर दहा सेकंदांनी प्रत्येक ठिपका शेजाऱ्याला विचारतो, आहेस का?
शेजारी म्हणतो, आहे.
चार हाकांना ओ आली नाही
की शेजारी नकाशातून पुसायचा, बातमी कानोकान सगळीकडे,
मग ज्यानं त्यानं आपापला हिशेब मांडायचा:
कागलला आता कुठून?
सरपंच नाही, चौकात हवालदार नाही.
नकाशा सगळ्यांकडे एकच, म्हणून उत्तरं जुळतात.

वाट निवडताना इथे किलोमीटर मोजत नाहीत.
किंमत मोजतात. ती माणसानं लिहिलेली असते.

उचगाववरून कागल: दहा.
इस्पुर्ली, बिद्री, मुरगूड करत कागल: नऊशे.
हुपरीवरून: दोन हजार, कारण ती वाट म्हणजे
कुणाच्या तरी गच्चीवरची तबकडी आणि हवा.

नऊशेचं मला कोडं होतं.
चांगली दहा गिगची तार, वर्षभर रिकामी.
आकडा लिहिणारे नेमगोंडा मगदूम
नोकरी सोडून हुपरीला, घरच्या पैंजणांच्या धंद्यात परतलेले.
मागे उरला कॉन्फिगमधला शेरा, एकच शब्द: पाचट.
मला वाटलं, शिवी असेल.
पुढच्या महिन्यात शंभर करते,
असं मी मीटिंगमध्ये बोलूनही बसले होते.

एक चाळीस. उचगावजवळ गटारीसाठी जेसीबी.
रेघ लाल.
मी खुर्चीतून उठेपर्यंत सगळं कागल बिद्रीवरून वाहायला लागलं,
कुणाचा सिनेमासुद्धा अडखळला नसेल.
मी माझीच पाठ थोपटली, जणू तार मीच ओढली होती.

दोन बारा. बिद्रीच्या टोकाला पोचणारा उजेड उतरायला लागला.
उणे अठरा.
उणे एकवीस.
जेसीबीची तार एका झटक्यात मरते. ही आजारी पडत होती.

दस्तगीर शिकलगारला उठवलं, तो तिकडचाच.
त्याचा आजा तलवारींना धार लावायचा,
हा केसाएवढी काच कापतो नि सांधतो.
मोटरसायकलवरूनच ओरडला,
"ताई, तोड झालेल्या फडाला लावलीय की!
पाचट पेटलंय, खांबावरची केबल मेणावाणी गळाया लागलीय!"

पाचट.

उणे चोवीस.
त्या तारेची किंमत मी पासष्ट हजार पाचशे पस्तीस केली.
आमच्यात अनंत तेवढाच असतो.
त्याचा अर्थ: मी आहे अजून, पण माझ्यातून जाऊ नका.

सगळं हुपरीकडे वळलं, दहा गिगचा लोंढा एका गिगच्या बोळात.
सिनेमे आवळले, अपडेट अडवले,
कागलच्या दवाखान्याला आणि फोनवरच्या आवाजांना पुढे काढलं.
चार मिनिटांनी बिद्रीची तार गेली.
तेव्हा तिच्यात फक्त हाका होत्या.
आहेस का.
आहेस का.

तक्रारी तीनच. एक जण म्हणाला,
"नेट चालतंय वो, पण काठी टेकत."

पहाटे उचगाव सांधलं. पाच वीसला मगदूमांचा मेसेज:
"माझ्या गच्चीवरचा दिवा रात्रभर थांबला नाही. कुठला फड?"

तबकडी त्यांच्याच गच्चीवर होती तर.
भाडं घेत नव्हते, म्हणून कुठल्याच कागदावर नाव नव्हतं.

"बिद्रीच्या अलीकडचा," मी लिहिलं.
मग थोड्या वेळानं: "नऊशे तशीच ठेवलीय."
दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

शिकलगार काजळलेल्या हातांनी चहा घेऊन आला तेव्हा
मी शेऱ्यात भर घालत होते:
पाचट. डिसेंबर ते एप्रिल. ऊस.
माझ्या मागून येणाऱ्याला
शिवी वाटू नये म्हणून.